अल्पायुषी केंद्रकांचे झोत : पार्श्वभूमी

सांगलीच्या बेकऱ्यांत नानकटाई खुसखुशीत व्हावी म्हणून पिठात चिमूटभर ‘अमोनिया’ घालतात. भट्टीच्या उष्णतेने त्याचा वायू होतो आणि पीठ फुलते. किरणोत्सारी आयनांच्या, म्हणजे आपोआप क्षय पावणाऱ्या विद्युतभारित अणूंच्या, झोताचा इतिहास त्याच कुळातल्या अमोनियम कार्बोनेटपासून सुरू होतो, हे येथील एम.एस्सी.च्या वर्गात सांगितले की विद्यार्थी प्रथम हसतात.

1951 मध्ये कोपनहेगन येथे ओट्टो कोफोड-हान्सेन आणि कार्ल ओव्हे नील्सन यांनी सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने न्यूट्रॉन निर्माण करून युरेनियमचे विखंडन घडवले, म्हणजे त्याची केंद्रके (अणूंचे गाभे) फोडली. युरेनियम ऑक्साइडमध्ये त्यांनी ही अमोनियम कार्बोनेटची बेकिंग पावडर मिसळली होती. तिच्यातून सुटणारे वायू विखंडनात जन्मलेल्या क्रिप्टॉनला बरोबर घेऊन नळीवाटे थेट समस्थानिक-पृथक्कारकात, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू (समस्थानिक) वेगळे करणाऱ्या यंत्रात, जात. क्रिप्टॉन-91चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ, जेमतेम 9 सेकंद. नमुना हाताने उचलून दुसऱ्या खोलीत नेईपर्यंत त्यातले फारसे काही उरले नसते. निर्मिती आणि पृथक्करण यांच्यामधले हे अंतर मिटवणे, हीच माझ्या मते या क्षेत्रातली मूळ कल्पना होय.

ती मोठ्या प्रमाणावर रुजायला दीड दशक लागले. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत ‘आयसोल्डे’ या किरणोत्सारी झोतांच्या यंत्रणेचा पहिला झोत ऑक्टोबर 1967 मध्ये मिळाला. तेथे प्रोटॉनांच्या माऱ्याने जाड लक्ष्यात समस्थानिक तयार होतात, तापवलेल्या लक्ष्यातून झिरपत बाहेर येतात आणि आयनित होऊन वस्तुमानाप्रमाणे वेगळे होतात. हे झिरपणेच या पद्धतीची अडचण ठरते, कारण काही मूलद्रव्ये बाहेर पडण्याआधीच क्षय पावतात.

दुसऱ्या पद्धतीत थांबणेच नाही. वेगवान जड आयन पातळ लक्ष्यावर आदळतात आणि त्यांचे तुकडे जवळपास त्याच वेगाने पुढे उडतात. 1985 मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कले येथे अशाच झोताने लिथियम-11 हे केंद्रक अपेक्षेपेक्षा बरेच मोठे असल्याचे दाखवले. जेमतेम 9 मिलिसेकंद अर्धायुष्याच्या या केंद्रकाभोवती दोन न्यूट्रॉनांचे विरळ वलय आहे, असा त्याचा उलगडा पुढे झाला.

वेगळे केलेले समस्थानिक पुन्हा प्रवेगित करण्याचे काम बेल्जियममधील लूव्हँ-ला-न्यव्ह येथे साधले. एका सायक्लोट्रॉनमध्ये नायट्रोजन-13 बनवून तो दुसऱ्यातून प्रवेगित केला गेला आणि ताऱ्यांमध्ये घडणारी त्याची हायड्रोजनशी अभिक्रिया प्रयोगशाळेत मोजता आली.

भारतात दिल्लीच्या ‘हिरा’ या पृथक्कारकातून लिथियमपासून बेरिलियम-7चा झोत मिळवण्यात आला; 53 दिवसांचे अर्धायुष्य असल्याने तेथे घाई नव्हती. सेकंद-मिनिटांच्या समस्थानिकांसाठी कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राने मात्र लक्ष्य, पृथक्कारक आणि प्रवेगक एकाच ओळीत जोडण्याचा मार्ग धरला.