येव्रो : रशियन भाषेतील किंमतवाचक रचना

युरो या चलनाला रशियन भाषेत ‘येव्रो’ म्हणतात. आघात (उच्चारातील जोर) पहिल्या अक्षरावर असतो. प्रस्तुत नोंदीत या शब्दाचे व्याकरण आणि त्याच्या अनुषंगाने रशियनमध्ये किमती व रकमा सांगण्याच्या पद्धती यांचा विचार केला आहे.

चलनाचे ‘युरो’ हे नाव डिसेंबर १९९५ मध्ये माद्रिद येथील युरोपीय परिषदेत ठरले. १ जानेवारी १९९९ पासून ते हिशेबी चलन म्हणून आणि १ जानेवारी २००२ पासून नोटा व नाणी यांच्या रूपात प्रचारात आले. रशियन नावातील ‘व’ मात्र त्याहून फार जुना आहे. ग्रीक भाषेतील ज्या संयुक्त स्वराचा उच्चार प्राचीन काळी ‘एउ’ असा होता, तो बायझंटिन काळापर्यंत ‘एव’ असा झाला होता. धर्मग्रंथांच्या द्वारे स्लाव्ह भाषांत आलेल्या शब्दांत हाच नंतरचा उच्चार टिकला. ‘येव्रोपा’ (युरोप) आणि ‘येव्गेनी’ हे विशेषनाम ही त्याची परिचित उदाहरणे होत. बल्गेरियन भाषेतही हेच रूप असून बल्गेरियाच्या आग्रहामुळे २०१३ पासून निघालेल्या नव्या मालिकेच्या नोटांवर ते सिरिलिक लिपीत छापले जाते.

या शब्दाच्या लिंगाविषयी सुरुवातीच्या वर्षांत एकवाक्यता नव्हती. स्वरान्त, अविकारी (विभक्ती-वचनाने रूप न बदलणारे) आणि निर्जीव वस्तू दर्शविणारे परकीय शब्द रशियनमध्ये सामान्यतः नपुंसकलिंगी धरले जातात. ‘पल्तो’ (ओव्हरकोट), ‘कीनो’ (चित्रपट), ‘मेत्रो’ हे असे शब्द आहेत. या नियमानुसार ‘अदनो येव्रो’ (एक युरो) असे नपुंसकलिंगी रूप व्हावयास हवे होते आणि ते काही काळ लेखनात आढळतेही. बल्गेरियनमध्ये तर नपुंसकलिंगच रूढ झाले. रशियनमध्ये मात्र ‘रुब्ल’, ‘दोलर’, ‘फून्त’ या पुल्लिंगी चलननामांच्या सादृश्याचा प्रभाव अधिक ठरला आणि आजचे प्रमाण कोश ‘येव्रो’ पुल्लिंगी मानतात. सादृश्याचे हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, कारण बोलणाऱ्याच्या मनात हा शब्द ओव्हरकोटाच्या शेजारी नसून रुबल व डॉलर यांच्या रांगेत असतो. लिंगाचा हा प्रश्न प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी उघड होतो : ‘एक’ या संख्येपाशी, विशेषणापाशी आणि भूतकाळी क्रियापदापाशी. वृत्तपत्रे पुष्कळदा ‘कुर्स येव्रो’ (युरोचा दर) असे लिहितात. तेथे विशेषण व क्रियापद ‘कुर्स’ या शब्दाशी जुळत असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही.

शब्द अविकारी असल्याने तो शिकणाऱ्यास सोपा वाटतो. ‘अदीन येव्रो’, ‘द्वा येव्रो’, ‘प्यात येव्रो’ (एक, दोन, पाच युरो) यांत नाम जसेच्या तसे राहते. हा सोपेपणा फसवा आहे. सेंट येताच ‘अदीन त्सेन्त’, ‘द्वा त्सेन्ता’, ‘प्यात त्सेन्तफ’ अशी तीन रूपे समोर येतात, आणि रुबलच्या बाबतीतही ‘रुब्ल’, ‘रुब्ल्या’, ‘रुब्लेय’ हाच क्रम असतो. एकवीसला पुन्हा पहिले रूप लागते; अकरा ते चौदा यांना मात्र तिसरेच. दोन, तीन व चार यांच्या नंतर येणारे रूप आज षष्ठीच्या एकवचनाशी जुळते, तथापि त्याचे मूळ द्विवचनात असल्याचे मत बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. संस्कृतप्रमाणे प्राचीन रशियनमध्येही द्विवचन होते. ते साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकांपासून लोप पावू लागले असावे. ‘दोन’नंतरचे त्याचे पुल्लिंगी रूप षष्ठीसारखेच दिसत असल्याने ते षष्ठी समजले गेले आणि पुढे तीन व चार यांनाही लागू झाले. ‘द्वा चसा’ (दोन तास) येथे आघात शेवटी, तर ‘ओकला चासा’ (सुमारे तासभर) या खऱ्या षष्ठीत तो आरंभी असतो. हा भेद या मताचा सबळ पुरावा मानला जातो.

दीडसाठी रशियनमध्ये ‘पल्तरा’ हा एकच शब्द आहे : ‘पल्तरा येव्रो’, परंतु स्त्रीलिंगी हजारासाठी ‘पल्तरी तीस्यची’ (दीड हजार). ‘दुसऱ्याचा अर्धा’ हा त्याचा मूळ अर्थ. मराठी ‘दीड’ हा शब्द प्राकृत ‘दिवड्ढ’ या रूपातून आला असून त्यामागेही हीच गणनापद्धती आहे. अडीचच्या मुळाशी ‘अर्धतृतीय’ आहे, तर जुन्या रशियनमध्ये अडीचसाठी ‘तिसऱ्याचा अर्धा’ याच अर्थाचा शब्द होता. तो लोपला आणि आज ‘द्वा स पलवीनय’ (दोन आणि अर्धा) असे म्हणतात. अंदाजे रक्कम सांगताना नाम संख्येच्या आधी ठेवतात : ‘प्यात येव्रो’ म्हणजे पाच युरो, ‘येव्रो प्यात’ म्हणजे पाचेक युरो. मराठीत जे काम ‘एक’ हा प्रत्यय करतो ते येथे शब्दक्रम करतो.

किंमत विचारण्यासाठी ‘स्कोल्का स्तोइत?’ ही सर्वसाधारण रचना असून बाजारात, विशेषतः भाजी-फळांचा दर विचारताना, ‘पाचोम?’ असेही म्हणतात. एकूण किती द्यायचे हे ‘स्कोल्का स् मिन्या?’ असे विचारतात. ‘स्तोइत’ या क्रियापदानंतर द्वितीया येते. ‘येव्रो’मध्ये ती दिसत नाही, पण एक हजार युरोंची किंमत सांगताना ‘तीस्यचा’चे ‘तीस्यचु’ होते. अन्य विभक्तींतही विकार संख्येलाच होतो : ‘स प्यात्यू येव्रो’ (पाच युरोंसह). म्हणून संख्यांची विभक्तिरूपे पक्की झाल्याखेरीज युरोतील रकमा बिनचूक सांगता येत नाहीत, आणि त्यासाठी आधी रुबलमध्ये सराव करणे हितावह ठरते.

रशियन भाषकांचा युरोशी नित्याचा संबंध एस्टोनिया (२०११ पासून), लॅटव्हिया (२०१४) व लिथुएनिया (२०१५) या देशांत येतो. खुद्द रशियात रुबल हेच वैध चलन आहे. १९९० च्या दशकात तेथील दुकानांत किमती ‘ऊ-ये’, म्हणजे ‘सांकेतिक एकके’, यांत लिहिल्या जात. हे एकक बहुधा डॉलरच्या मूल्याचे असे. पुढे काही ठिकाणी ते युरोशीही जोडले गेले. बोलीभाषेत ‘येव्रिक’ हे लघुत्वदर्शक रूप ऐकू येते. ते प्रमाण मानले जात नाही, पण त्याला नियमित प्रत्यय लागतात : ‘प्यात येव्रिकफ’.