दरवर्षी नवी दिसणारी मोटार

अमेरिकन मोटारींना मागे पंख फुटले ते १९४८च्या कॅडिलॅकपासून. जनरल मोटर्सचे डिझाइन-प्रमुख हार्ली अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेट्रॉइटजवळच्या लष्करी विमानतळावर जोडशेपटीचं पी-३८ हे लढाऊ विमान पाहिलं होतं, कल्पना तिथली. पण ज्या व्यवस्थेमुळे असे पंख येऊ-जाऊ शकले, ती त्याच्या वीसेक वर्षं आधीची.

१९२७मध्ये फोर्डने दीड कोटी गाड्या विकून मॉडेल टी बंद केली. त्याच वर्षी जनरल मोटर्सचे प्रमुख अल्फ्रेड स्लोन यांनी अर्लना कंपनीत आणलं. चालत्या गाडीचा मालक नवी गाडी का घेईल? जुनी डोळ्यांना जुनाट वाटू लागली तर!

अर्ल गाडी मातीत घडवून घेत. लाकडी सांगाड्यावर गरम केलेली माती थापायची, ती पूर्ण आकारात कोरायची, पुन्हा थापायची. आपल्याकडे शाडूच्या मूर्तीचा कारागीर करतो तसंच, फक्त मूर्ती सतरा-अठरा फुटांची. मातीवरून मापं निघत आणि मापांवरून पत्रा दाबायचे पोलादी साचे. हे साचे भयंकर महाग. म्हणून चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन वर्षानुवर्षं तेच ठेवायचं. बदलायचे काही पत्रे, पुढची जाळी आणि क्रोमच्या पट्ट्या. जनरल मोटर्सच्याच शेवरले आणि पॉन्टिॲक यांच्या बॉडीचा मूळ सांगाडाही बऱ्याचदा एकच असे. मला पंखांपेक्षा हा हिशेब जास्त चलाख वाटतो.

युद्धात, १९४२ ते १९४५, खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं. १९४६च्या गाड्या म्हणजे थोडी डागडुजी केलेल्या १९४२च्याच.

पुढे चुरस पेटली. प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीचे डिझाइन-प्रमुख व्हर्जिल एक्स्नर यांच्या १९५७च्या बुटक्या, लांबलचक गाड्या १९५६मध्येच जनरल मोटर्सच्या तरुण डिझायनरांना कुंपणापलीकडे दिसल्या आणि त्यांनी हातातलं काम बाजूला सारून नव्याने सुरुवात केली. त्यातून १९५९च्या कॅडिलॅकचे सर्वांत उंच पंख आले. क्रायस्लरला मात्र घाई भोवली: गाड्या गळायच्या, लवकर गंजायच्या. १९६०पासून पंख खाली येऊ लागले.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ या गाड्या जोडल्या. पुढे त्याच कारखान्यातली फियाट, नंतरची पद्मिनी, जवळपास त्याच रूपात थेट शतक संपेपर्यंत निघत राहिली.