मावशी म्हणाल्या टेन्शन नाही, पण झोप लागत नव्हती

मागच्या ऑक्टोबरमध्ये, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, मी ओळखीच्या एका मावशींना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडच्या एका दवाखान्यात गेले होते. मावशी सुरगाण्याकडच्या, कोकणा या आदिवासी समाजातल्या, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन दरवर्षी बागेत कामाला येतात. तक्रार काय, तर डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात. डॉक्टर भले होते पण बाहेर ही गर्दी, त्यांनी विचारलं "टेन्शन घेता का?" मावशी म्हणाल्या "नाही." बीपी बघितलं, नॉर्मल, ताकदीचं इंजेक्शन दिलं, झालं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी सहजच विचारलं, मावशी रात्री झोप लागते का, तर म्हणे "झोप कुठली बाई, रातभर विचारच फिरतात डोक्यात", आणि मग तासभर त्या बोलत राहिल्या. उचल फिटत नाही, पोरगी आश्रमशाळेत एकटी, आणि बागेवर पाणी प्यायला त्यांचा ग्लास वेगळा ठेवलेला.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. टेन्शन हा त्यांचा शब्दच नाही.

मनाचं दुखणं प्रत्येक समाज आपापल्या भाषेत सांगतो, आणि बऱ्याचदा ते शरीराच्या भाषेत असतं. मार्क निश्टर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८१ साली, दक्षिण भारतातल्या बायकांच्या अभ्यासातूनच, ही गोष्ट नीट मांडली. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत यासाठी 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, अर्थ काय, तर 'फार विचार करणं'. म्हणजे हजारो किलोमीटर लांबच्या बाया आणि आमच्या मावशी अगदी तेच सांगतायत, आणि छापील फॉर्मवर 'तुम्हाला नैराश्य जाणवतं का' असं विचारलं की दोन्हीकडे उत्तर 'नाही' येणार.

आता तो वेगळा ग्लास. बरेच जण म्हणतील की गरिबी आहे, कष्ट आहेत, त्यात ग्लासाचं काय एवढं. मला वाटतं इथेच आपण चुकतो. धोका दिसला की शरीर ताणाची संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन सोडतं, धडधड वाढते, धोका टळला की सगळं खाली येतं. पण अपमान कधी होईल ते माहीत नसेल, दुकानात, एसटीत, शाळेत, कुठेही होऊ शकत असेल, तर शरीर सावधच राहतं. विहिरीवरची मोटार पाणी नसताना चालू ठेवली तर जळते ना, तसं काहीसं. ब्रूस मॅकेवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेला नाव दिलं, 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड'. झोप, रक्तदाब, साखर, मन, सगळ्यांवर ते दिसतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या तब्येतीवर वंशभेदाचा काय परिणाम होतो हे समजून घेताना संशोधक याच झिजेकडे बघतात.

आपल्याकडचा एक प्रयोग तर मी कधीच विसरू शकत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, सुटतील तसे पैसे. जात कोणी काढली नाही तेव्हा 'वरच्या' आणि 'खालच्या' म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत काही मोठा फरक नव्हता. मग सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कोडी सुटायची कमी झाली. मुलं तीच, डोकं तेच. याच नाशिकमध्ये काळाराम मंदिरात दलितांना जाता यावं म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला होता, त्याला जवळपास शंभर वर्षं होत आली, आणि अजून एक ग्लास वेगळा असतो, हे लिहिताना हात जड होतो.

अजून एक गोष्ट आश्रमशाळेतल्या आणि शहरात होस्टेलला येणाऱ्या पोरांसाठी महत्त्वाची वाटते. दक्षिण लंडनमधला २००१ सालचा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की ज्या भागात आपल्यासारखे लोक कमी, तिथे राहणाऱ्या अल्पसंख्य वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण जास्त होतं. म्हणजे आपली माणसं आजूबाजूला असणं हेच एक संरक्षण. म्हणून पेठ तालुक्यातला एकटा मुलगा नाशिकच्या कॉलेज रोडच्या वर्गात गप्प बसत असेल तर त्याला लाजाळू म्हणून सोडून देऊ नका.

नाशिक जिल्ह्यात साधारण पाव लोकसंख्या आदिवासी आहे, पेठ-सुरगाण्यात तर नव्वद टक्क्यांच्या वर. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल. उपचाराचं म्हणाल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता) नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या त्रासांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं. पाड्यावर काय असेल याचा अंदाज करा. लोक आधी भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाकडे, जातात यावर शहरात नाकं मुरडतात, पण भगत त्यांच्या बोलीत बोलतो, वेळ देतो, घरच्यांना सोबत बसवतो. त्याचा भरवसा तुटेल असं काही बोलण्यापेक्षा, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा जीव द्यायच्या गोष्टी करतोय तेव्हा लगेच दवाखान्यात पाठवायचं, एवढं त्याच्याशी ठरवता आलं तर खूप काम होईल.

आणि हे जमतं, आपल्याच जिल्ह्यात जमलंय. पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला, पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्राचा. गावातल्याच माणसांना शिकवलं, काही जण 'मित्र' झाले म्हणजे कोण गप्प गप्प आहे ते ओळखणारे, काही 'चॅम्पियन' म्हणजे चार-सहा वेळा नीट भेटून बोलणारे, मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, दारूवर, घरातल्या मारहाणीवर, आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे सरकारी योजनांचे लाभ मिळवायलाही मदत करायची. कारण पेन्शन अडकलेल्या म्हातारीला नुसतं मोठा श्वास घ्या सांगून काय होणार? पुढे हेच काम गुजरातेत मेहसाण्यात मोठ्या प्रमाणावर गेलं. झिम्बाब्वेतही डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसवलं, आणि ५७३ जणांवरच्या चाचणीत, २०१६ मध्ये छापलेल्या, आजीशी बोललेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी होता.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पण ज्या पाड्यावर रेंज यायला टेकडी चढावी लागते आणि घरात कोकणा बोली बोलतात तिथे तिथलंच माणूस हवं, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत, आशाताईच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर नको.

मावशी यंदाही येतील छाटणीला. मी त्यांना पोरीच्या शाळेचं विचारणार आहे आधी, मग झोपेचं.