डिस्क-विभाजन (लिनक्स)

हार्ड डिस्कवरील जागेचे स्वतंत्र भाग पाडणे, त्यांच्या हद्दी नोंदणे व गरजेप्रमाणे त्या बदलणे. रूढ शब्द पार्टिशन. मुंबईकरांना तो चाळीच्या खोलीतील प्लायवूडच्या आडोशामुळे ओळखीचा. मात्र घरात पार्टिशन ‘टाकतात’, डिस्कवर ‘पाडतात’.

विभाजनाचा आरंभ बरेचदा १९८३ मधील पीसी डॉस २.० या संगणक-प्रणालीपासून धरतात. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा सर्वांत लहान कप्पा) १६-१६ बाइटांच्या चार नोंदी आणि अखेरीस ‘५५ एए’ ही खूण, असा तो विभाजनाचा तक्ता. परंतु युनिक्स या त्याहून जुन्या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) डिस्क-ड्रायव्हरच्या, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या, प्रोग्रॅममध्येच भागांचे आकार लिहिलेले आढळतात. त्यामुळे उगम निदान सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. पीसीने हद्दी प्रोग्रॅममधून काढून डिस्कवरच आणल्या, हे मोठे पाऊल होते. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेली जुनी डिस्क, पुसलेली नसेल तर, लिनक्सला जोडताच आधीच्या मालकाने पाडलेले भाग दिसतात.

अशा डिस्कवर पहिले पार्टिशन बहुधा ६३ व्या सेक्टरपासून असते. एका ट्रॅकवर (तबकडीवरील वर्तुळाकार पट्ट्यावर) ६३ सेक्टर धरून पहिला ट्रॅक राखीव ठेवण्याची ती प्रथा. पुढे ४,०९६ बाइटांचे सेक्टर आले; ६३ × ५१२ = ३२,२५६ या संख्येला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एकेक लेखन दोन सेक्टरांवर पसरून लिहिणे मंदावते. आता आरंभ २,०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे १ मेबिबाइटवर (१०,४८,५७६ बाइटांवर) करतात.

चार नोंदी अपुऱ्या पडल्याने एका नोंदीत अनेक ‘लॉजिकल’ भाग सामावणारे एक्स्टेंडेड पार्टिशन आले. लिनक्समध्ये त्यातील लॉजिकल भागांचे क्रमांक म्हणूनच ५ पासून असतात. ३२ बिटांच्या पत्त्यांमुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरला २ टेबिबाइटांची (सुमारे २.२ लाख कोटी बाइटांची) मर्यादा पडे. जीपीटी या तक्त्याच्या नव्या पद्धतीने ती दूर केली. तीत सामान्यतः १२८ नोंदी असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

एफडिस्क या विभाजनाच्या प्रोग्रॅममधील बदल ‘डब्ल्यू’ ही आज्ञा दिल्याशिवाय डिस्कवर उतरत नाहीत. शंका आली की ‘क्यू’ देऊन बाहेर पडावे. आकार घटवताना आधी फाइल सिस्टीम (भागातील फायलींची मांडणी) आणि मग पार्टिशन, वाढवताना याच्या उलट. घटवताना क्रम चुकल्यास फाइल सिस्टीमचा शेवटचा भाग हद्दीबाहेर पडतो. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम घटवण्यापूर्वी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून सोडवावी लागते, त्यामुळे रूट पार्टिशनसाठी (ज्यावर खुद्द लिनक्स असते) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा पेनड्राइव्ह, लागतो. एसएफडिस्क या दुसऱ्या प्रोग्रॅमने तक्त्याची प्रत साध्या मजकुराच्या फाइलीत घेता येते. ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. डेटाचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.