रेडिओत नसलेला खर्ज

सदाशिव पेठेतल्या मित्राच्या घरी कमरेएवढे उंच दोन स्पीकर होते. त्याच्या काकांनी तबकडीवर सुई टेकवली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या तानपुऱ्यानं, मी खुर्चीत सरसावून बसलो. आवाज काही मोठा नव्हता. पण तानपुऱ्याची चौथी तार, खर्जाची, पहिल्यांदाच अंगाला जाणवत होती. रोज सकाळी रेडिओवर ऐकायचो त्या तानपुऱ्यात ती कुठे होती?

बहुतेक नव्हतीच. गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकचा (हार्मोनियमवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झचा. खर्ज त्याच्या निम्मा, सेकंदाला सुमारे ६९ कंपनं. तितक्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावं लागतं. ट्रान्झिस्टरमधल्या इवल्या पडद्याला तेवढा वाव नसतो. शिवाय पडद्यापुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते, आणि खालच्या सुरांच्या या दोन्ही लहरी छोट्या, उघड्या खोक्याला वळसा घालून एकमेकींना पुसून टाकतात. मोठ्या स्पीकरचं भक्कम लाकडी खोकं त्यासाठीच असतं.

तरीही रेडिओवर खर्ज ऐकू यायचा, हे मला त्याहून विलक्षण वाटतं. तार छेडली की ६९ बरोबर १३९, २०८, २७७ असे वरचे सूरही उमटतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेली झणकार, म्हणजे जवारी, नेमके हेच सूर फुलवते, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुऱ्याच्या घोडीचा हा गुण अभ्यासला होता. रेडिओतून येतात ते हे वरचे सूर. त्यांच्यातलं सारखं अंतर हेरून मेंदू तळाचा सूर स्वतःच भरून काढतो. १८४० च्या दशकात जर्मनीत ऑगस्ट सीबेक यांनी भोंग्यावरच्या प्रयोगांतून ही गोष्ट दाखवली होती. म्हणजे पट्टी कळत होती, पण खुर्चीच्या हातापर्यंत पोचणारी हवेची थरथर आली ती मोठ्या स्पीकरमधूनच. डग्ग्याचा घुमारा ऐकतानाही हाच फरक पडतो.

असं ऐकायची संधी मिळाली तर एका जागी बसून राहू नका. खर्जाची लहर सुमारे पाच मीटर लांब असते. आपल्याकडच्या सोळा फुटी, विटांच्या भिंतींच्या हॉलमध्ये ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतते आणि जागच्या जागी ठरते. भिंतीलगत आणि खोलीच्या मधोमध खर्ज भरदार लागतो; भिंतीपासून चार फुटांवर तो पार क्षीण होतो. बऱ्याच घरांत सोफा नेमका तिथेच असतो. तो सरकवून भिंतीला टेकवा, आणि मग तीच तबकडी पुन्हा लावायला सांगा.