पवित्र साक्रामेंतापुढे गुडघा की जोडलेले हात : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील कॅथलिक चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताला, म्हणजे ज्या पवित्र भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असल्याचे कॅथलिक मानतात तिला, देहाने आदर दाखवण्याच्या दोन रीती आज शेजारी शेजारी नांदतात. काही भाविक आत येताच उजवा गुडघा जमिनीला टेकवून आपल्या जागेवर जातात, तर काही हात जोडून कंबरेतून खोल वाकतात. दोन्ही रीतींना अधिकृत आधार आहे, तरीही एकाची रीत दुसऱ्याला अपुरी किंवा परकी वाटते. या मतभेदाचे मूळ प्रामुख्याने 1969 च्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचा इतिहास लांबचा असला तरी एकसुरी नाही. 325 च्या निकेया येथील चर्चच्या परिषदेने रविवारी आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या काळात) उभे राहूनच प्रार्थना करावी असे ठरवले होते, म्हणजे गुडघे टेकणे हीच मूळची आणि एकमेव ख्रिस्ती रीत, हा दावा टिकत नाही. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, पवित्र भाकर सर्वांना दिसेल अशी उंच धरण्याची प्रथा तेराव्या शतकाच्या सुमारास पॅरिसकडून पसरली आणि तिच्यासोबत लोकांचे गुडघेही जमिनीला लागले. या साक्रामेंताला प्रत्यक्ष देवाला द्यावयाची आराधनाच दिली पाहिजे, असे चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये स्पष्ट केले, आणि 1570 च्या मिस्साग्रंथाने धर्मगुरूंचे गुडघे टेकणे विधीत पक्के बसवले. निजामाच्या राज्यातील खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी आले, ते हाच विधी लॅटिन भाषेसह घेऊन.

उपासनेत सुधारणा सुरू करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातील धर्माध्यक्षांच्या (बिशपांच्या) वतीने रोमला बारा मुद्द्यांचा एक प्रस्ताव गेला. पत्रावरची तारीख 15 एप्रिल 1969 होती आणि मान्यतेचे उत्तर 25 एप्रिलला निघाले. चर्चच्या कारभारात दहा दिवसांत असे उत्तर येणे इतके विरळ आहे की, ही मान्यता घाईने मिळवली गेली, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत चालू आहे. प्रस्तावात पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, मेणबत्तीऐवजी समई, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना वा कपाळाला लावणे, आरती आणि पंचांग प्रणाम यांचा समावेश होता. वाद पेटला तो मात्र गुडघा टेकण्याऐवजी अंजलीसह (हात जोडून) खोल नमन करता येईल, या एका कलमावरून.

विरोधकांचा मुद्दा केवळ सवयीचा नव्हता. रोमन विधीत गुडघा टेकणे हे आराधनेचे चिन्ह आहे, तर वाकून नमन करणे हे आदराचे. वेदीला नमन, साक्रामेंताला गुडघा, असा तो भेद आहे. दोन्ही ठिकाणी नमनच ठेवले तर भाविकाच्या देहाला कळणारा फरक पुसला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय हात तर आपण पाहुण्यालाही जोडतो, आणि निवडणुकीच्या काळात प्रत्येक चौकातील फलकावर उमेदवारही जोडून उभा असतो. समर्थकांनी याला उत्तर दिले की अंजलीचा अर्थ ती कोणापुढे धरली आहे यावर ठरतो. या वादात एक गोष्ट बहुधा नजरेआड होते : त्याच बारा मुद्द्यांत पंचांग प्रणामाचीही मुभा आहे, आणि दोन्ही गुडघे, दोन्ही हात व कपाळ जमिनीला लावणारा देह एक गुडघा टेकणाऱ्यापेक्षा कमी आराधना करतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही सोयीचे म्हणून नमन रुळले आणि प्रणाम आश्रमांपुरता व विशेष प्रसंगांपुरता राहिला.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत कमी चर्चिला गेला. येथील बहुतेक कॅथलिक कुटुंबे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून चर्चमध्ये आली. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीशी अडवले गेले आणि गावच्या वाड्यापुढे वाकून जोहार घालावा लागला, त्यांना समई, आरती आणि वाकणे हे सारे ‘भारतीय’ म्हणून समोर ठेवण्यात आले, तेव्हा हा भारत नेमका कोणाचा, असा प्रश्न निघणे स्वाभाविक होते. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे हा आक्षेप ठामपणे मांडला. रोमहून आलेला गुडघा गावगाड्यातील कोणत्याही मालकाच्या ओट्याशी जोडलेला नव्हता, म्हणून तो अनेकांना परका असूनही मोकळा वाटला असावा. याउलट चपला बाहेर काढून सतरंजीवर बसण्याला कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही, कारण जिथे बाकडी नव्हती तिथे लोक तसेच बसत होते आणि रोमच्या कागदाने फक्त चालू रीतीवर शिक्का मारला.

नंतरच्या काळात नियम दोन्ही दिशांना सरकले. दर्शनासाठी वेदीवर उघड्या ठेवलेल्या साक्रामेंतापुढे दोन्ही गुडघे टेकण्याची जुनी अट 1973 मध्ये जाऊन एक गुडघा पुरेसा ठरला. 1975 मध्ये रोमने भारतीय बनावटीची मिस्सा-प्रार्थना आणि उपासनेत इतर धर्मग्रंथांतील वाचने यांवरील प्रयोग थांबवले, पण बारा मुद्द्यांना हात लावला नाही. दोन वर्षांनी, 1977 मध्ये, अमरावतीपासून वेगळा औरंगाबाद धर्मप्रांत झाला आणि या मुद्द्यांपैकी काय राबवायचे हे ठरवण्याची जबाबदारी स्थानिक पातळीवर आली. मिस्साविधीविषयीच्या रोमच्या 2002 च्या सूचनापुस्तिकेने उजवा गुडघा जमिनीला टेकवणे हाच सर्वसाधारण नियम पुन्हा अधोरेखित केला, तर रोमच्याच 2004 च्या आदेशाने कोणी गुडघे टेकून किंवा उभे राहून कम्युनियन (पवित्र भाकर) घेतो एवढ्याच कारणावरून त्याला ते नाकारता येणार नाही असे बजावले.

केरळ, गोवा आणि वसईकडून येणारे धर्मगुरू व सिस्टर्स आपापल्या गावची शिस्त सोबत आणतात, त्यामुळे फादरांची बदली झाली की मुलांना पहिल्या कम्युनियनच्या तयारीत शिकवली जाणारी रीतही कधी कधी बदलते. एकाच घरातील आजी गुडघा टेकते आणि नात हात जोडून वाकते, ते अनेकदा श्रद्धेतील फरकामुळे नव्हे, तर कोणत्या वर्षी कोणी शिकवले यामुळे.