१०८९ सीसीचे इंजिन आणि त्याची दुखणी

मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या सेवेतून कायमची गेली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र आजही धावताना दिसतात, आणि त्यांच्या बॉनेटखाली असलेले इंजिन गाडीहूनही बरेच जुने आहे. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीच्या इंजिनाचे मूळ फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी या मोटारीत सापडते. त्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर होता, आणि पुढे अनेक सुधारणा होऊनही ही दोन मापे तशीच राहिली. जुन्या इंजिनाच्या तक्रारींकडे आपण सहसा वयाचा परिणाम म्हणून पाहतो. माझ्या मते त्यांतल्या बहुतेक तक्रारींची बीजे त्याच्या तांत्रिक तपशिलाच्या तक्त्यातच असतात. तो तक्ता नीट वाचता आला, तर इंजिन कुठे दुखणार हे आधीच कळते.

बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा प्रवास. या दोन मापांवरून एका सिलिंडरचे घनफळ २७२ सीसी निघते आणि चार सिलिंडरांचे मिळून १०८९ सीसी होते. इंजिनाची सुमारे ४० अश्वशक्ती मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. प्रत्येक फेरीत पिस्टन ७५ मिलिमीटर खाली येतो आणि तितकाच वर जातो, म्हणजे या गतीला त्याचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो. हा वेग सौम्यच म्हणावा लागेल. व्हॉल्व, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तो खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, बसवलेला असून तिथून लांब पुशरॉड (दांडे) आणि रॉकर (तरफा) यांच्यामार्फत व्हॉल्व उघडतात. हा सगळा जड लवाजमा प्रत्येक उघडझापीला हलवावा लागत असल्यामुळे इंजिन याहून फार वेगाने फिरवण्यात अर्थ नसतो. ‘गाडीला पिकअप नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याला म्हणूनच आधी सांगावे लागते, की कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढणे हाच या रचनेचा स्वभाव आहे.

तक्त्यातला पुढचा महत्त्वाचा आकडा कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे संपीडन गुणोत्तराचा. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा आणि तो वर आल्यावर उरलेली जागा यांचे हे गुणोत्तर असते. त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, कमी असल्यामुळे या पिढीच्या इंजिनांत ते सातसाडेसातच्या घरात ठेवलेले असे. आदर्श ऑटो चक्राच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सैद्धांतिक चक्राच्या, सूत्रानुसार साडेसात गुणोत्तराला उष्णतेचा जास्तीत जास्त ५५ टक्के भाग कामात बदलता येतो, तर दहा गुणोत्तराला ६० टक्के. प्रत्यक्षात दोन्हीकडे याच्या निम्म्याच्या आसपासच हाती लागते, पण जुनी गाडी पेट्रोल जास्त का पिते याचे एक कारण इथे स्पष्ट दिसते. हेच गुणोत्तर जपावेही लागते. साडेसात गुणोत्तराला पिस्टनच्या वर साधारण ४२ सीसी जागा उरते. तिथे वर्षानुवर्षे ३ सीसी कार्बन साचला, तर गुणोत्तर आठच्या जवळ पोचते. शिवाय तापून लाल झालेले कार्बनचे कण ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवू लागतात. चढावर ऐकू येणारा खडखडाट, आणि चावी बंद केल्यावरही काही क्षण धडधडत राहणारे इंजिन, या दोन्हींच्या मागे अनेकदा हा साचलेला कार्बनच असतो.

आता या इंजिनाच्या सर्वांत खर्चिक दुखण्याकडे वळू. ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचे, अशी याची बांधणी आहे. अॅल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते आणि वजनाला हलके असते, त्यामुळे ही निवड १९३७ साली पुढारलेलीच होती. परंतु तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा ७० अंशांनी तापला तर सुमारे ०.६४ मिलिमीटर वाढतो, आणि तेवढाच बिडाचा तुकडा ०.३१ मिलिमीटर. हेड आणि ब्लॉक नटांनी घट्ट आवळलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापले आणि निवले, की या दोघांमधल्या गॅस्केटला, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थराला, ही ओढाताण सोसावी लागते. गाडी नेहमीच्या तापमानाला चालत राहिली तर गॅस्केट हे वर्षानुवर्षे सहन करते. एकदा पाणी संपून इंजिन जबर तापले, की हेड वाकते आणि गॅस्केट जळते. मग जळालेल्या वायूंचे बुडबुडे रेडिएटरमध्ये दिसू लागतात, किंवा पाणी तेलात उतरून तेलाची पातळी पाहण्याच्या डिपस्टिकवरचे तेल दुधाळ होते, किंवा शेजारच्या दोन सिलिंडरांमधली भिंत उघडी पडून दोन्हींचे कॉम्प्रेशन एकदम खाली येते.

अशा वेळी नुसते नवे गॅस्केट टाकून हेड पुन्हा बसवणे म्हणजे तेच काम काही महिन्यांनी परत अंगावर घेणे होय. हेडच्या तळाला सरळ पट्टी लावून खालच्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या मापाची, पाती जाते का हे तपासावे, आणि हेड वाकलेले असेल तर फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून, घ्यावे. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून कडेकडे जावे, तेही एका दमात न आवळता टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. हे काम ‘हाताच्या अंदाजाने’ करणारे कसबी मेकॅनिक असतात हे मान्य आहे, पण गॅस्केटवरचा दाब सगळीकडे सारखा पडला की नाही, हे हाताला कळत नाही.

इंजिन तापण्याची कारणेही रचनेतच शोधता येतात. याचा पंखा आणि पाण्याचा पंप पट्ट्यावर फिरतात, म्हणजे त्यांचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो. कोंडीत गाडी उभी असताना, नेमकी वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, पंखा सर्वांत हळू फिरत असतो. आजच्या गाडीतला विजेवरचा पंखा तापमान पाहून स्वतंत्रपणे सुरू होतो. इथे ती सोय नाही, त्यामुळे रेडिएटर पूर्ण क्षमतेने काम करत असणे अत्यावश्यक ठरते. जड पाणी भरत राहिल्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये क्षारांचा थर बसतो, आणि हा थर धातूच्या तुलनेत उष्णतेचा फारच वाईट वाहक असतो. शिवाय बीड आणि अॅल्युमिनियम हे दोन धातू एकाच पाण्यात असले की विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम खाल्ले जाते. गंजरोधक रसायने असलेला कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरणे हा या दोन्हींवरचा साधा उपाय आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची जुनी पद्धत मात्र मला घातक वाटते. तसे केल्याने इंजिन बराच काळ थंडच चालते, पेट्रोलचे न जळालेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेतात आणि पिस्टनवरच्या रिंगा झिजतात. थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा चोक गरजेपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवल्यानेही हेच नुकसान होते.

उन्हाळ्यातले आणखी एक दुखणे म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ‘एअर लॉक’ म्हणतात ते. खरे तर नळीत हवा शिरलेली नसते, पेट्रोलची वाफ अडकलेली असते. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असून तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो, आणि कमी दाबाला पेट्रोलचे हलके घटक आणखी कमी तापमानाला उकळू लागतात. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, मग ही वाफच आलटून पालटून दाबत आणि सोडत राहतो, आणि पेट्रोल हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीचालकांचा उपाय शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होता, कारण पाण्याचे बाष्पीभवन पंपातली उष्णता काढून घेते आणि वाफेचे पुन्हा द्रव होते. पुढच्या पिढीच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच गेला आणि तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलू लागला, तेव्हा हे दुखणे जवळजवळ नाहीसे झाले.

ठिणगीची व्यवस्था हा तर या इंजिनाचा सर्वांत हळवा भाग. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या लागतात, म्हणजे ४८०० फेऱ्यांना मिनिटाला ९६००, अर्थात सेकंदाला १६०. सिलिंडरांना क्रमाने ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे विजेची संपर्क-टोके, तितक्याच वेळा उघडतात आणि मिटतात. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी कॉइल प्लगपाशी हजारो व्होल्टचा दाब उभा करते. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच हळूहळू झिजते, तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. चालकाला ही झीज जाणवतच नाही. गाडी जरा जड वाटते, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिन थोडे अधिक तापते, एवढेच. पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा कंडेन्सर निकामी झाला तर पॉइंट भराभर जळतात आणि इंजिन मिसिंग करते. ठरावीक अंतराने फीलर गेजने फट तपासणे आणि त्यानंतर टायमिंग पुन्हा लावणे या कामाला फारसा खर्च येत नाही, आणि माझ्या मते त्याच्याइतकी फळ देणारी दुसरी देखभाल या इंजिनात नाही.

निळा धूर दिसू लागला की ‘इंजिन उतरवावे लागेल’ असा निर्णय घाईने दिला जातो. त्याआधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. ज्या सिलिंडरचे कमी भरेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली, वाढला नाही तर दोष व्हॉल्वमध्ये किंवा गॅस्केटमध्ये शोधावा. धूर केवळ उतारावरून येऊन पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताना निघत असेल, तर बहुधा व्हॉल्वच्या गाइडमधून, म्हणजे त्याचा दांडा सरकतो त्या नळीतून, तेल खाली उतरत असते आणि हेडच्या कामावर भागते.

या इंजिनाला त्याच्या आयुष्यात दोनदा बदललेल्या पेट्रोलशी जुळवून घ्यावे लागले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि लोकांच्या आरोग्यासाठी तो निर्णय अत्यंत योग्य होता. शिशाच्या संयुगांचा सूक्ष्म थर एग्झॉस्ट व्हॉल्व (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची सीट (मिटताना तो टेकतो ती कड) यांच्यामध्ये गादीसारखे काम करत असे. तो गेल्यावर मऊ धातूची सीट झिजते, व्हॉल्व आत बसत जातो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व आणि रॉकर यांच्यात ठेवलेली मोकळी जागा, आपोआप कमी होते. अशा इंजिनात टॅपेटचा आवाज बंद होणे हे चांगले लक्षण नसते, कारण फट संपली की व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि जळतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटच्या कड्या वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे हेडच्या कामाच्या वेळी त्या कठीण धातूच्या घालून घेता येतात.

दुसरा बदल इथेनॉलचा. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ती साडेतेराच्या आसपास पुरते. संगणकावर चालणारे इंजिन ऑक्सिजन सेन्सर पाहून इंधन वाढवते, पण कार्ब्युरेटरच्या जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, भोक ठरलेलेच असते. मिश्रण त्यामुळे सुमारे ८ टक्क्यांनी पातळ होते, आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते किंवा संथ वेगाला अडखळते. जेट थोडे मोठे घालून हे सुधारता येते. त्याहून तातडीचे काम रबरी भागांचे आहे: पंपाचा डायफ्रॅम, पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सील हे जुन्या प्रकारच्या रबराचे भाग इथेनॉलने फुगतात आणि मग चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीचा धोका. इथेनॉल हवेतले बाष्पही शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होऊन पत्रा गंजवतात, आणि तो गंज पुढे जेटमध्ये अडकतो. म्हणून या इंजिनाच्या मालकाने सर्वांत आधी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम बसवून घ्यावेत, जेटची दुरुस्ती त्यानंतर केली तरी चालते.